पेट्रोल गाडीचा फ्युएल पंप खरंच गेलाय का? टाकी उघडण्याआधीची तपासणी

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण गाडी सुरू होत नाही. किंवा घाटात चढावर गाडी दम टाकते. अशा वेळी "पंप गेला" असं म्हणून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. पंप टाकीच्या पोटात, कुणाला दिसत नाही, म्हणून त्याच्यावर आळ घेणं सोपं. नवा पंप बसतो, पैसे जातात आणि दोनचार दिवसांत गाडी पुन्हा तिथेच अडते, कारण खरा दोष गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा वितळलेल्या कपलरमध्ये (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडात) असतो.

दोन गोष्टी सुरुवातीलाच पक्क्या करा. पंपाचा आवाज येतोय म्हणजे पंप चांगला, असं नाही. आणि आवाज येत नाही म्हणजे पंप गेला, असंही नाही. आधी वीज मोजायची, मग दाब, मग धार. हा क्रम पाळला तर टाकीला हात लावण्याआधीच बहुतेक वेळा निकाल लागतो.

हा लेख एमपीएफआय पेट्रोल गाड्यांसाठी आहे, म्हणजे इलेक्ट्रिक पंप टाकीत असलेल्या नेहमीच्या हॅचबॅक आणि सेडान. डिझेलचं तंत्र वेगळं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंजिनाच्या अंगाला यांत्रिक डायफ्रॅम पंप असतो, तो इथे नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत टाकीतल्या पंपाशिवाय इंजिनावर उच्च दाबाचा दुसरा पंप असतो. तिथे या लेखातलं फक्त टाकीकडच्या बाजूचं लागू पडतं, आणि उच्च दाबाच्या पाइपला घरी हात लावायचा नाही.

टाकीत नेमकं काय असतं

बाहेर काढलेला भाग प्लास्टिकच्या डब्यासारखा दिसतो, त्याला मॉड्यूल किंवा असेंब्ली म्हणतात. त्यात पेट्रोल ओढणारी मोटर, तिच्या तोंडाला जाळी, पुढे बारीक फिल्टर, दाब ठरावीक राखणारा रेग्युलेटर, पेट्रोल उलटं टाकीत येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह आणि काट्याला पातळी सांगणारा फ्लोट असतो. काही गाड्यांत बारीक फिल्टर टाकीबाहेर, गाडीच्या पोटाखाली असतो. मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि पेट्रोलच तिला थंड ठेवतं. कायम रिझर्व्हवर चालणाऱ्या गाड्यांचे पंप लवकर जातात ते यामुळेच.

विजेची वाट अशी: बॅटरी, फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच), मग गाडीच्या मजल्याखालून मागे जाणारी वायर, मॉड्यूलवरचा कपलर, मोटर, आणि शेवटी बॉडीला अर्थिंग. रिले चालवतो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. चावी ऑन केली की तो पंपाला साधारण 2 सेकंद चालवून लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबवतो. इंजिन फिरतंय असा सिग्नल क्रँक सेन्सरकडून आला तरच पंप पुन्हा चालू होतो. हे लक्षात ठेवा, कारण क्रँक सेन्सर गेला तर ठणठणीत पंपही गप्प बसतो.

लक्षणं, आणि पंपाची नक्कल करणारे दुसरे दोष

पंप थकत चालला असेल तर पहिली तक्रार जोर लागतो तिथे येते. शहरात गाडी ठीक चालते; फ्लायओव्हरवर, घाटात, चार माणसं आणि एसी असताना किंवा हायवेला ओव्हरटेक करताना पिकअप मिळत नाही, गाडी आचके देते. पाय सैल केला की सावरते. इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं तेव्हाच तुटवडा दिसतो, म्हणून असं होतं.

दुसरी तऱ्हा उन्हाची. तापल्यावर गाडी बंद पडते, अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. मोटरचे ब्रश झिजले की हे होतं. पण तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सरही अगदी असाच वागतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होऊनही सेल्फ लांबतो. चावी दोनतीनदा ऑन-ऑफ करून मग सुरू झाली तर पंप निर्दोष असू शकतो.

तिसरी तऱ्हा सकाळची. रात्रभर उभी गाडी सकाळी 5-6 सेकंद सेल्फ खाते, दिवसभर मात्र पटकन सुरू होते. इथे लाइनमधला दाब रात्रीतून गळून गेलेला असतो. चावी ऑन करा, 2 सेकंद थांबा, ऑफ करा. असं तीनदा करून सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा टपकणारा इंजेक्टर यांपैकी एक दोषी आहे.

मागच्या सीटखालून मोठी गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज येणं ही चाहूल खरी, पण काही पंप वर्षानुवर्षं गुणगुणत नीट चालतात.

आता नक्कल करणारे. खराब इग्निशन कॉइल किंवा झिजलेला प्लग चढावर तसेच झटके देतो, पण त्याचा झटका तीक्ष्ण, एका सिलिंडरचा असतो आणि बऱ्याचदा चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. पंपाचा अशक्तपणा गाडीला कुणी मागून धरल्यासारखा जाणवतो. चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा भाग) दम काढतो. आणि टाकीची हवा खेळती ठेवणारी वाट बंद झाली तर पेट्रोल ओढता ओढता टाकीत पोकळी तयार होते. गाडी अडली की लगेच टाकीचं झाकण उघडून पाहा. जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर पंप सोडा आणि व्हेंटच्या नळ्या व चारकोल कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा) तपासा.

सीएनजीवाल्यांना फुकटात मिळणारी चाचणी

मुंबई-पुण्याकडे सीएनजी गाड्या भरपूर, आणि निदानाच्या बाबतीत त्यांचे मालक नशीबवान. सीएनजीवर गाडी झकास आणि पेट्रोलवर आचके, असं असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला: पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. दोन्हींवर सारखेच झटके असतील तर प्लग, कॉइल, सेन्सर बघा. पंपाचा विषयच नको.

याच गाड्यांत पंप लवकर मरतो, हेही खरं. टाकीत नावापुरतं पेट्रोल, तेही महिनोन्‌महिने पडून राहिलेलं. बाहेरून बसवलेल्या अनेक किटमध्ये गॅसवर चालतानाही पंपाचा पुरवठा तोडलेला नसतो, मग तो बिचारा अर्धाकोरडा फिरत राहतो. अशा गाडीत निदान पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

सुरुवात करण्याआधी

सामान फार नाही: डिजिटल मल्टीमीटर, 12 व्होल्ट 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डर आणि दोन वायरींसह, 0 ते 7 बारचा फ्युएल प्रेशर गेज आणि तुमच्या गाडीच्या पाइपला बसणारा टी-जोड, 2 लिटरची मापाची बाटली, आणि जमल्यास डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. बाजारात मिळणारे स्वस्त क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी मोजतात. घेताना अँपिअरच्या खुणेशेजारी सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ आहे का ते पाहा. ईसीयूतले दोषांचे कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारा ओबीडी डोंगल असेल तर उत्तम.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. त्यामुळे हे काम पिटवर, तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये करायचं नाही. मोकळ्या जागी, सावलीत, इंजिन थंड झाल्यावर करा. एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, डोळ्यांवर चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे. पेट्रोलचा पाइप सोडण्याआधी लाइनमधला दाब उतरवा: इंजिन चालू असताना पंपाचा फ्यूज काढा, गाडी आपोआप बंद पडेल, मग दोनदा सेल्फ मारा आणि बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. गाडी सुरूच होत नसेल तर फ्यूज काढून 5-5 सेकंद दोनतीनदा सेल्फ मारा. त्यानंतरही जोडावर जाड फडकं धरूनच सोडा. थोडं पेट्रोल उडतंच.

पायरी 1: चावी ऑन, कान मागे

एकाला पुढे बसवून चावी ऑन करायला सांगा, तुम्ही मागच्या सीटला किंवा टाकीच्या तोंडाला कान लावा. 2 सेकंदांची घर्रर ऐकू आली तर फ्यूज, रिले आणि मोटर किमान फिरण्याइतके जिवंत आहेत. नाही आली तर आधी डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतोय का पाहा. ईसीयूने चावी ओळखली नाही तर तो इंधन तोडतो. दुसरी चावी वापरून बघा.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित हलतो का, तेही बघा. ओबीडी डोंगल असेल तर सेल्फच्या वेळी 150 ते 300 आरपीएम दिसायला हवेत. शून्य दिसत असेल तर संशय क्रँक सेन्सरवर.

फोर्ड आणि फियाटच्या जुन्या गाड्यांत इनर्शिया स्विच असतो. अपघातात पेट्रोल तुटावं म्हणून ठेवलेला हा स्विच कधी मोठ्या खड्ड्याच्या दणक्यानेही उडतो. त्याची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते; वरचं बटण दाबलं की परत बसतो. टोचन करून गाडी गॅरेजला नेण्याआधी हे एवढं पाहून घ्या.

पायरी 2: फ्यूज आणि रिले

फ्यूज डोळ्यांनी न बघता मीटरने तपासा. केसाएवढी चीर दिसत नाही. उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घाला. तो पुन्हा उडाला तर मोटर अडकली आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. मोठा फ्यूज घालून गाडी चालवणं म्हणजे टाकीजवळ आग लावण्याची तयारी.

रिलेसाठी सोपी युक्ती: त्याच फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचा तोच पार्ट नंबर असलेला रिले असेल तर अदलाबदल करा. गाडी सुरू झाली तर काम झालं. रिले टकटक करतो म्हणून तो चांगला, असं समजू नका; आतले पॉइंट जळलेले असले तरी टकटक येते.

पायरी 3: पंपाच्या कपलरवर वीज

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे, कारण "गेलेले" पंप सर्वांत जास्त इथेच निर्दोष सुटतात.

अनेक गाड्यांत मागची सीट उचलली की गालिच्याखाली गोल किंवा चौकोनी पत्रा असतो, त्याखाली मॉड्यूलचं डोकं आणि कपलर. ज्यांत असा पत्रा नाही त्यांत टाकी खाली उतरवावी लागते. तिथे वीज टाकीकडे जाणाऱ्या वायरिंगच्या जोडावर मोजा.

कपलर काढल्यावर पिना नीट बघा. एखादी तपकिरी झालीय, प्लास्टिक फुगलंय किंवा वितळलंय? मग जोड सैल होऊन तापत होता. कोकणपट्टीतल्या गाड्यांत पिनांवर हिरवट गंज चढतो. पावसाळ्यात उंदीर उबेला आत शिरतात आणि वायरी कुरतडतात. मागच्या सीटखाली लेंड्या दिसल्या तर वायर हाताने चाचपत पुढपर्यंत जा.

आता मोजमाप. रिकाम्या कपलरवर मीटर लावून 12 व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. वायरची एकच बट शिल्लक असली तरी मीटर 12 दाखवतो. तोटी बंद असताना गंजून चोंदलेल्या नळातही पूर्ण दाब असतो. उघडली की धार करंगळीएवढी. म्हणून वीज नेहमी भार लावून मोजायची.

पहिला मार्ग बल्बचा. कपलरच्या पंपाच्या दोन पिनांवर 21 वॅटचा बल्ब लावा आणि चावी ऑन करा. 2 सेकंद तो थेट बॅटरीवर लावल्यासारखाच लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला तर पंप बाजूला ठेवा आणि वायरिंग शोधा. कोणत्या दोन पिना पंपाच्या? सहसा जाड वायरींच्या. बारीक दोन फ्लोटच्या. फ्लोटच्या पिनांना चुकूनही बॅटरी लावू नका.

दुसरा मार्ग जास्त अचूक. कपलर जोडलेला ठेवून मागून बारीक सुया घाला, पंप चालू ठेवा आणि पंपाच्या दोन पिनांमधला व्होल्ट मोजा. इंजिन चालू असेल तर 13 च्या वर, फक्त बॅटरीवर असेल तर बॅटरीपेक्षा फार तर 0.5 ते 0.7 व्होल्ट कमी. त्याहून जास्त घट असेल तर बाजू शोधा: पंपाची अर्थिंग पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत 0.2 च्या वर दिसलं तर अर्थिंग खराब. बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि पंपाची पॉझिटिव्ह पिन यांत 0.5 च्या वर दिसलं तर रिले, फ्यूजचा तळ किंवा मधली वायर. पंपाला 12 ऐवजी 10 व्होल्ट मिळाले तर तो फिरतो, आवाजही करतो, पण चढावर दाब टिकवू शकत नाही. लक्षण हुबेहूब गेलेल्या पंपासारखं. काही नव्या गाड्यांत पंपाचा वेग कंट्रोल मॉड्यूल कमीजास्त करतं, तिथे व्होल्ट मुद्दाम कमी असतात. त्या गाड्यांना हे आकडे लावू नका.

अशा तपासणीसाठी पंप सलग चालवायचा तर रिले काढून त्याच्या सॉकेटमधल्या पॉवरच्या दोन पिना (बहुतेक रिलेंवर 30 आणि 87) 15 अँपिअरचा फ्यूज असलेल्या वायरने जोडा. कॉइलच्या पिनांना, म्हणजे 85 आणि 86 ला, हात लावू नका. ती वाट ईसीयूकडे जाते. काही रिलेंवर आकडे वेगळे असतात, म्हणून अंगावर छापलेली आकृती वाचूनच वायर घाला.

वीज पूर्ण पोचतेय, तरी मोटर गप्प? रबरी हातोड्याने टाकीच्या बुडाला दोनचार हलके ठोके द्या. तेवढ्यावर पंप सुरू झाला तर ब्रश झिजलेत. गाडी घरापर्यंत नेता येईल, पण हा पंप बदलायचाच.

पायरी 4: दाब

पूर्ण व्होल्ट मिळतायत, पंप फिरतोय, तरी तक्रार आहे, तेव्हा गेज. दाब उतरवून इंजिनाकडच्या रेलला (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला) येणारा पाइप सोडा, टी-जोड आणि गेज बसवा, काढलेला फ्यूज परत घाला, बॅटरी जोडा, चावी ऑन. सगळ्यात आधी गळती बघा, आकडा नंतर.

एमपीएफआय गाड्यांत दाब साधारण 3 ते 4 बार असतो, म्हणजे 43 ते 58 पीएसआय. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. इथे अंदाज चालत नाही, कारण 4 बारच्या गाडीत 3 बार दिसणं म्हणजे आजार. टाकीतच रेग्युलेटर असलेल्या गाड्यांत आयडलिंगला आणि 3000 आरपीएमला दाब जवळजवळ सारखाच राहायला हवा. एकदम रेस दिल्यावर काटा 0.3 बारपेक्षा जास्त खाली गेला तर पुरवठा अपुरा. ज्या जुन्या गाड्यांत रेलवर व्हॅक्यूमची नळी लागलेला रेग्युलेटर असतो, त्यांत नळी काढल्यावर दाब अर्धा बारच्या आसपास वाढणं बरोबर आहे.

गेज काचेला चिकटवून रस्त्यावर फिरवायची जुनी रीत काही जण सांगतात. नवख्यांनी ती करू नये: पेट्रोलचा दाबाखालचा पाइप बॉनेटबाहेर, आणि गाडी रहदारीत.

इंजिन बंद केल्यावर गेज 10 मिनिटं तसाच राहू द्या. दाब थोडा उतरणं चालतं. मिनिटभरात शून्यावर आला तर गळती कुठे ते असं शोधा: गेज आणि टाकी यांच्यामध्ये टी-जोडाबरोबर आलेला रबरी पाइप असेल तर तोच दाब भरल्याबरोबर चिमट्याने आवळा. दाब टिकला तर चेक व्हॉल्व्ह किंवा टाकीतला रेग्युलेटर गळतोय. तरीही उतरला तर इंजेक्टर टपकतोय. त्या सिलिंडरचा प्लग ओला आणि काळा निघेल. गाडीचा मूळ प्लास्टिकचा पाइप कधीच आवळू नका, त्याला चीर जाते.

पायरी 5: धार

पाइपचं टोक बाटलीत घट्ट धरून पंप सॉकेटच्या वायरने 15 सेकंद चालवा. दोन माणसं हवीत. छोट्या इंजिनाच्या गाडीतही 15 सेकंदांत पाव लिटर हे किमान. चांगला पंप याच्या पुढे सहज जातो. धार अखंड हवी. तुटक, फेसाळ आली तर जाळी चोंदली आहे किंवा आतल्या नळीला चीर आहे.

मोकळ्या तोंडाने भरपूर पेट्रोल देणारा पण दाबाखाली हार मानणारा पंप असू शकतो, म्हणून नुसत्या धारेवर भरवसा ठेवायचा नाही. या चाचणीचा खरा फायदा वेगळाच: टाकीतलं पेट्रोल बाटलीत डोळ्यांसमोर येतं.

बाटलीतलं पेट्रोल

पारदर्शक काचेच्या बाटलीत ते अर्धा तास स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर, धुरकटपणा, काळी पूड, तांबूस गंज, यातलं काहीही दिसलं तर नवा पंप बसवणं म्हणजे तोही मारणं. आधी टाकी साफ.

एप्रिल 2023 पासून विक्रीला आलेल्या गाड्यांचे भाग ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला चालतील असे असतात. त्याआधीच्या अनेक गाड्यांचे नाहीत. इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला चिकटपणा सोडवतं आणि तो जाळीवर येऊन बसतो. शिवाय ते पाणी शोषतं. थोडं पाणी विरघळून जातं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळे होतात, आणि पंप ओढतो ते तळातूनच. भर पावसात टाकी भरल्यावर काही किलोमीटरांत गाडी अडली तर पहिला संशय हाच. पेट्रोल पंपावर घनता आणि फिल्टर पेपरची तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे; मागताना संकोच नको.

इथेनॉल किती आहे हे घरी अंदाजता येतं. 100 मिलिलिटरच्या मापाच्या नळीत 20 मिलिलिटर पाणी आणि 80 मिलिलिटर पेट्रोल घ्या, तोंड बंद करून हलवा, वाफ सोडा, 10 मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. ई20 असेल तर खालचा थर 20 वरून साधारण 35 च्या आसपास येतो.

क्लॅम्प मीटर आणि ओबीडी

फ्यूजच्या वायरवर क्लॅम्प लावला की चालू पंप किती अँपिअर घेतो ते कळतं. छोट्या-मध्यम गाडीत 4 ते 7 सर्वसाधारण. दाब कमी आणि अँपिअर जास्त (9-10 च्या पुढे) असेल तर मोटर आतून घासतेय. अँपिअर जरा चढे, धार बारीक, तर पुढचा फिल्टर चोंदला असेल. दाब कमी, अँपिअरही कमी असेल आणि व्होल्ट पूर्ण असतील तर चोंदलेली जाळी, उघडाच अडकलेला रेग्युलेटर किंवा झिजलेला पंप, यांपैकी काहीतरी. मॉड्यूल उघडल्याशिवाय फरक कळत नाही. व्होल्ट आहेत पण अँपिअर शून्य, म्हणजे मोटरची वाट आतूनच तुटली. इथे शंकेला जागा नाही.

ओबीडीत पी0171 म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. पंपच गेला असा त्याचा अर्थ नाही. पी0230 आणि पी0627 पंपाच्या विजेच्या वाटेकडे बोट दाखवतात. कोडपेक्षा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, जास्त सांगतं. लाँग टर्म ट्रिम आयडलिंगला शून्याजवळ आणि चढावर किंवा जोरात चालवताना +15 ते +25 टक्के होत असेल तर पुरवठा कमी पडतोय. उलट आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर उतरत असेल तर बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरतेय. हा दुसरा नियम हवा थेट मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांसाठी; दाबावरून हवेचा हिशोब करणाऱ्या मॅप सेन्सरच्या अनेक लहान गाड्यांत हवेच्या गळतीने ट्रिमपेक्षा आयडलिंगच वाढतं. ई10 वरून ई20 वर गेल्याने ट्रिम 4 टक्क्यांच्या आसपास वर सरकणं स्वाभाविक आहे, त्यासाठी कुठलाही पार्ट बदलू नका.

बदलायचंच ठरलं तर

टाकी पाव भागाच्या खाली आणा. बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. पत्र्याखालची धूळ ब्रशने आणि ओल्या फडक्याने आधी साफ करा, नाहीतर मॉड्यूल उचलताच ती टाकीत पडते. रिंग सोडायला तिचं टूल मिळतं; ते नसेल तर लाकडी ठोकळा किंवा पितळी पट्टी वापरा. पोलादी स्क्रू-ड्रायव्हरवर हातोडी मारू नका, ठिणगी उडते. मॉड्यूल तिरपं करत हळू काढा. फ्लोटचा दांडा वाकला तर पुढे कायम काटा खोटं बोलतो.

फक्त मोटर मिळत असेल आणि बाकीचं मॉड्यूल चांगलं असेल तर तेवढीच बदलणं खूप स्वस्त पडतं. त्यासोबत नवी जाळी, आतल्या नळीच्या नव्या क्लिपा आणि नवा सील हवाच. जुना सील पेट्रोलने फुगलेला असतो, परत नीट बसत नाही. रेग्युलेटर किंवा फ्लोटही संशयित असेल तर अख्खं मॉड्यूल घ्या. नकली पंपांचा सुळसुळाट आहे. बॉश किंवा डेन्सोचं नाव छापलेल्या खोक्यापेक्षा जुन्या पंपावरचा पार्ट नंबर जुळतोय का आणि बिल मिळतंय का ते पाहा. वितळलेला कपलर तसाच ठेवून नवा पंप लावू नका, तोही काही महिन्यांत तिथेच तापेल.

बसवल्यावर चावी तीनचारदा ऑन-ऑफ करा आणि सीलभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डाग नाही, वास नाही, मग इंजिन सुरू करा. गेज पुन्हा लावून दाब आणि 10 मिनिटांचा टिकाव वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला तोच आकडा उपयोगी पडतो. मग टाकी पूर्ण भरा आणि पत्रा लावण्याआधी सील पुन्हा एकदा बघा. भरल्या टाकीत पेट्रोल वरपर्यंत येतं, आणि अर्ध्या टाकीत लपलेली गळती तेव्हाच उघडी पडते.